गाठ एक, नावे अनेक
टॉन्सिलच्या दुर्मिळ गाठी कशा ओळखतात आणि त्यांवर उपचार कसे करतात?

विद्यार्थी मित्रांनो, आरशासमोर उभे राहा, बॅटरीचा प्रकाश तोंडात पडेल असे पाहा आणि मोठा ‘आ’ करा. मधोमध पडजीभ लोंबताना दिसेल. तिच्या दोन्ही अंगांना, टाळूच्या कमानीमागे, बदामाएवढे दोन उंचवटे दिसतील. याच आपल्या टॉन्सिल. मराठी ग्रंथांत यांना ‘गिलायू’ असेही नाव आहे. आता एक गोष्ट नीट पाहा. डावी आणि उजवी टॉन्सिल साधारण सारखीच आहे ना? ही सारखेपणाची गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

टॉन्सिल म्हणजे घशाच्या वेशीवरची चौकी. आपण जे खातो, पितो आणि श्वासाबरोबर आत घेतो, ते या चौकीवरून पुढे जाते. टॉन्सिलच्या पृष्ठभागावर दहा ते तीस खोल खाचा असतात. अन्नाचे कण आणि जंतू या खाचांत अडकतात आणि तेथे दाटीने बसलेल्या लसीका पेशींना त्यांची ओळख पटते. मग या पेशी त्या जंतूंविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करू लागतात. नाकामागे, जिभेच्या मुळाशी आणि घशाच्या दोन्ही बाजूंना अशा ऊतींचे एक कडेच आहे. जर्मन शरीरशास्त्रज्ञ वाल्डायर यांनी १८८४ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला ‘वाल्डायरचे कडे’ म्हणतात. जीवशास्त्राच्या पुस्तकात तुम्हांला भेटणारे ‘क्रोमोसोम’ आणि ‘न्यूरॉन’ हे दोन शब्दही याच गृहस्थांनी रूढ केले.

चौकीवर झटापट झाली की टॉन्सिल सुजतात, लाल होतात, गिळताना दुखते, ताप येतो. तुमच्या वयात हे अनेकांना होते. ही सूज जंतुसंसर्गाची असते आणि काही दिवसांत ओसरते. तेव्हा हा लेख वाचून कोणी घाबरून जाऊ नये. आपण बोलणार आहोत ते एका वेगळ्या, क्वचित आढळणाऱ्या परिस्थितीबद्दल. एकच टॉन्सिल वाढते, ताप नसतो, पुष्कळदा दुखतही नाही आणि आठवडे उलटले तरी सूज उतरत नाही. अशा वेळी डॉक्टरांपुढे जो प्रश्न उभा राहतो, तो विज्ञानाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. तो प्रश्न असा : ही गाठ आहे तरी कोणाची?

एका राष्ट्राध्यक्षाचा घसा

युलिसिस ग्रँट हे अमेरिकेच्या यादवी युद्धातील विजयी सेनापती. १८६९ ते १८७७ या काळात ते त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष होते. सिगार ओढण्याचे त्यांना जबर व्यसन होते. १८८४ च्या उन्हाळ्यात पीच नावाचे फळ खाताना त्यांच्या घशात एकदम तीव्र कळ आली. त्यांनी दुर्लक्ष केले. घशाच्या तज्ज्ञाकडे ते गेले तेव्हा ऑक्टोबर उजाडला होता. टॉन्सिल आणि जिभेचे मूळ यांच्या आसपास गाठ दिसत होती. १८८५ च्या फेब्रुवारीत तिचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला गेला आणि निदान पक्के झाले : कॅन्सर.

म्हणजे १८८५ साली रोगाचे नाव कळू शकत होते. परंतु नाव कळूनही हाती काही नव्हते. त्या जागी शस्त्रक्रिया करणे डॉक्टरांना फार धोक्याचे वाटले. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून दहा वर्षे होती आणि कॅन्सरवरची औषधे तर अर्धशतकाहून अधिक दूर होती. ग्रँट यांनी ते दिवस आपल्या आठवणी लिहिण्यात घालवले. पुस्तकाचे काम संपल्यावर थोड्याच दिवसांत, २३ जुलै १८८५ रोजी ते वारले. त्या वेळी ते ६३ वर्षांचे होते.

आज परिस्थिती उलट आहे. उपचार अनेक आहेत आणि त्यांतील काही फार प्रभावी आहेत. पण कोणता उपचार करायचा हे गाठीच्या नावावर ठरते. नाव चुकले तर चांगला उपचारही वाया जातो. म्हणून आधी नाव, मग उपचार. या लेखाचे सार म्हणाल तर एवढेच आहे.

एका वाड्यातील बिऱ्हाडे

एकाच अवयवात गाठीचे इतके प्रकार कसे असू शकतात, असे तुम्ही विचाराल. त्यासाठी टॉन्सिलला एक जुना वाडा समजा. वाडा एक, पण आत बिऱ्हाडे अनेक. बाहेरच्या बाजूला चपट्या पेशींचे अस्तर आहे. आत लसीका पेशींची गर्दी आहे. आसपास लाळ तयार करणाऱ्या बारीक ग्रंथी आहेत. शिवाय रक्तवाहिन्या, स्नायू, चेता आणि त्यांना सांधणारे धागे आहेत. क्वचित रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशीही असतात. यांपैकी कोणत्याही बिऱ्हाडातील एखादी पेशी विभाजनाचे नियम झुगारून बेसुमार वाढू लागली, तर गाठ होते. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त वाड्याची भिंत फुगलेली दिसते. आत कोणत्या बिऱ्हाडाने दंगा मांडला आहे, हे दिसत नाही.

टॉन्सिलच्या कॅन्सरपैकी बहुसंख्य हे अस्तराच्या चपट्या पेशींचे असतात. त्यांना ‘कार्सिनोमा’ म्हणतात. दुसरा क्रमांक लसीका पेशींच्या कॅन्सरचा, म्हणजे ‘लिंफोमा’चा. लहान मुलांत मात्र टॉन्सिलला कॅन्सर झालाच, तर तो बहुधा लिंफोमा असतो. उरलेले सारे प्रकार फारच दुर्मिळ : लाळग्रंथींच्या गाठी, प्रतिद्रव्ये बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींची गाठ, रंगपेशींचा मेलॅनोमा, स्नायू किंवा वाहिन्या यांपासून होणारे सार्कोमा. कधी तर दंगेखोर हा वाड्यातला नसतोच, तो पाहुणा असतो. मूत्रपिंड, स्तन किंवा फुप्फुस येथील कॅन्सरच्या पेशी रक्ताबरोबर येऊन टॉन्सिलमध्ये मुक्काम करतात. हेही फार क्वचित घडते, पण घडते. शिवाय प्रत्येक गाठ कॅन्सरच असते असेही नाही. साध्या, न पसरणाऱ्या गाठीही असतात आणि क्षयरोगासारख्या आजारातही टॉन्सिल वाढू शकते.

खुणा कोणत्या?

लक्षणांनी नाव कळत नाही, पण संशय मात्र घेता येतो. सुरुवातीला सांगितलेला सारखेपणा येथे उपयोगी पडतो. संसर्गात बहुधा दोन्ही टॉन्सिल सुजतात. एकच बाजू मोठी होणे, तिच्यावर न भरणारा व्रण असणे, गिळताना एकाच बाजूला अडकल्यासारखे वाटणे, मानेत कडक व न दुखणारी गाठ लागणे, थुंकीतून रक्त जाणे, अशा खुणा दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकल्या तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासणे आवश्यक असते. मुलाच्या एका बाजूची टॉन्सिल झपाट्याने वाढत असेल, तर तितकेही थांबू नये.

एक खूण मोठी चमत्कारिक आहे. रोग घशात असतो आणि दुखतो कान! कानात पाहावे तर सगळे ठीक. याचे कारण चेतांच्या रचनेत आहे. मेंदूकडून निघणाऱ्या चेतांच्या बारा जोड्यांपैकी नववी जोडी टॉन्सिलकडून संवेदना आणते आणि तिचीच एक शाखा मधल्या कानाकडूनही येते. दोन गावांचे टपाल एकाच पिशवीतून यावे आणि टपाल कचेरीत गावांची अदलाबदल व्हावी, तसे हे होते. मेंदूला दुखणे कानातून आले असे वाटते.

यंत्रे काय दाखवतात?

डॉक्टर प्रथम डोळ्यांनी पाहतात, बोटाने चाचपतात आणि नाकावाटे लवचीक दुर्बीण घालून घसा तपासतात. त्यानंतर पाळी येते ती पदार्थविज्ञानाने दिलेल्या यंत्रांची. मी डॉक्टर नाही, पदार्थविज्ञान शिकवतो. त्यामुळे या यंत्रांविषयी थोडे अधिक सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरणांचा झोत शरीराभोवती फिरवून प्रत्येक दिशेने किती किरण शोषले गेले हे मोजतात आणि गणकयंत्र त्या आकड्यांतून शरीराच्या आडव्या कापाचे चित्र तयार करते. १९७१ साली अशा यंत्राने लंडनमध्ये प्रथम एका रुग्णाचा मेंदू तपासला गेला. ते तयार करणारे हाउन्सफील्ड हे अभियंता होते आणि त्यामागचे गणित आधीच मांडणारे कॉरमॅक हे पदार्थवैज्ञानिक. दोघांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि तेही वैद्यकाचे! एमआरआय यंत्र शक्तिशाली चुंबकीय क्षेत्रात आपल्या शरीरातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना रेडिओलहरींनी डिवचते आणि त्यांच्या उत्तरावरून मऊ ऊतींतील फरक दाखवते.

पेट स्कॅनची युक्ती तर याहून गमतीची. कॅन्सरच्या पेशी पुष्कळ साखर खातात. म्हणून साखरेसारख्या एका रेणूला फ्ल्युओरीन-१८ हा किरणोत्सर्गी अणू चिकटवून तो रक्तात सोडतात. हा अणू पॉझिट्रॉन, म्हणजे धन विद्युत्‌भाराचा इलेक्ट्रॉन, बाहेर टाकतो. पॉझिट्रॉनची शेजारच्या इलेक्ट्रॉनशी गाठ पडताच दोघेही नाहीसे होतात आणि त्यांच्या वस्तुमानाचे रूपांतर होऊन गॅमा किरणांचे दोन पुंज परस्परविरुद्ध दिशांना सुटतात. प्रत्येकाची ऊर्जा ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. आईनस्टाईनचे ऊर्जा-वस्तुमानाचे सूत्र रुग्णालयाच्या खोलीत रोज असे सिद्ध होत असते! दोन्ही पुंज एकाच क्षणी टिपले की ते कोठून निघाले याची रेषा कळते आणि अशा असंख्य रेषांवरून चित्र बनते. फ्ल्युओरीन-१८ चा अर्धायुकाल सुमारे ११० मिनिटे. म्हणजे ११ तासांत सहा अर्धायुकाल उलटतात आणि किती अणू उरतात? आकडेमोड करा : चौसष्टावा भाग. काम झाले की हा पाहुणा आपणहून निघून जातो.

परंतु ही सारी यंत्रे काय सांगतात? गाठ कोठे आहे, केवढी आहे, मानेत किंवा शरीरात इतरत्र पसरली आहे का. ती गाठ कोणाची, हे मात्र सांगत नाहीत. पेट स्कॅनमध्ये तर निरोगी टॉन्सिलही उजळ दिसते, कारण चौकीवरच्या शिपायांनाही साखर लागतेच. पुन्हा आपण सारखेपणाकडेच येतो : दोन्ही बाजू सारख्या उजळ दिसल्या तर काळजी कमी, एकच बाजू अधिक उजळली तर शोध पुढे चालू.

नाव ठरते तेथे

नाव ठरते ते तुकडा तपासून. त्यालाच बायॉप्सी म्हणतात. गाठीचा तुकडा काढतात. लिंफोमाचा संशय असेल तर पुष्कळदा पूर्ण टॉन्सिलच काढून पाठवतात, कारण पेशींची मांडणी समजायला पुरेसा मोठा नमुना लागतो. तो फॉर्मलिनमध्ये टिकवतात, मेणात बसवतात आणि त्याचे मिलिमीटरच्या काही सहस्रांशांएवढ्या जाडीचे काप घेतात. पेशींचे केंद्र निळे-जांभळे आणि बाकीचा भाग गुलाबी दिसेल असे रंग देऊन विकृतिवैज्ञानिक ते काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

बहुतेक वेळा येथेच उत्तर मिळते. पण काही गाठींच्या पेशी इतक्या बिघडलेल्या असतात, की मूळ बिऱ्हाडाची एकही ओळखीची खूण उरत नाही. अस्तराची पेशी, लसीका पेशी आणि रंगपेशी, तिन्ही सारख्याच दिसू लागतात. मग काय करायचे? घरातील माणसाने वेष बदलला तरी त्याच्याकडची किल्ली त्याच्याच घराची असते. तसे पेशीतील काही प्रथिने तिचे मूळ घर सांगतात. अस्तराच्या पेशींत केराटिन असते. आपल्या नखांत व केसांत असणाऱ्या प्रथिनांच्याच कुळातले. बी जातीच्या लसीका पेशींच्या पृष्ठभागावर ‘सीडी-२०’ नावाचे प्रथिन असते. रंगपेशींची खूण आणखी वेगळी.

ही प्रथिने डोळ्यांना दिसत नाहीत. ती शोधायला प्रतिद्रव्यांचीच मदत घेतात. प्रत्येक प्रतिद्रव्य ठराविक प्रथिनालाच चिकटते. त्याला रंग निर्माण करणारा रेणू जोडला, की जेथे ते प्रथिन तेथे रंग उमटतो. १९७५ साली कोलर आणि मिलस्टाइन या वैज्ञानिकांनी एकाच प्रकारची शुद्ध प्रतिद्रव्ये हवी तेवढी बनवण्याची रीत शोधली आणि या तपासणीला मोठे बळ मिळाले. १९८४ च्या नोबेल पारितोषिकात या दोघांचा वाटा होता. गंमत पाहा : टॉन्सिलचे काम प्रतिद्रव्ये बनवण्याचे आणि टॉन्सिलच्याच गाठीचे नाव सांगायला प्रतिद्रव्येच धावून येतात!

नावाप्रमाणे उपचार

समजा, गाठीचे नाव लिंफोमा निघाले. लसीका पेशी शरीरभर फिरणाऱ्या असल्यामुळे केवळ टॉन्सिल कापून भागत नाही. येथे मुख्य उपचार औषधांचा, कारण औषध रक्ताबरोबर सगळीकडे पोहोचते. ज्या सीडी-२० वरून बी पेशींच्या लिंफोमाची ओळख पटते, त्यालाच चिकटून त्या पेशींचा नाश घडवणारे रिटुक्सिमॅब हे प्रतिद्रव्य १९९७ पासून औषध म्हणून वापरात आहे. ज्या खुणेने नाव कळले, तीच खूण नेम धरायलाही उपयोगी पडली.

लिंफोमाचा एक अतिवेगवान प्रकार आहे. १९५८ साली युगांडात काम करणाऱ्या डेनिस बर्किट या शल्यविशारदांनी मुलांच्या जबड्यात होणाऱ्या अशा गाठींचे वर्णन केले. त्या पेशींची संख्या एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकते. ही गाठ क्वचित टॉन्सिलमध्येही होते. सुरीने तिचा पाठलाग करणे अशक्य. परंतु औषधांपुढे ती अक्षरशः विरघळते, कारण बरीच औषधे विभाजन होत असलेल्या पेशींवरच घाला घालतात. जी गाठ सर्वांत भयंकर वेगाने वाढते, तीच योग्य नाव वेळेवर कळल्यास पुष्कळदा पूर्ण बरी होते. नावाचे महत्त्व पटवायला याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

लाळग्रंथीची गाठ निघाली तर बहुधा शस्त्रक्रिया हा पहिला उपाय. प्लाझ्मा पेशींची एकाच जागची गाठ असेल तर किरणोपचाराने ती चांगली दबते. पाहुणी गाठ असेल तर तिचे मूळ घर शोधून त्यानुसार उपचार करावे लागतात. आणि अस्तराचा कार्सिनोमा निघाला तर? लहान गाठ असेल तर शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार. मोठी असेल तर बहुधा किरणोपचार आणि त्याबरोबर औषध.

चमचाभर चहापेक्षाही कमी!

किरणोपचाराची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. एक किलोग्रॅम ऊतीने एक ज्यूल ऊर्जा शोषली की एक ग्रे मात्रा झाली. टॉन्सिलच्या कार्सिनोमाला साधारण ७० ग्रे मात्रा देतात. आता तुम्ही गणित करा. ऊतीची विशिष्ट उष्णता पाण्याएवढी, म्हणजे किलोग्रॅममागे अंशाला सुमारे ४२०० ज्यूल धरू. ७० ला ४२०० ने भागा. उत्तर येते एका अंशाचा साठावा भाग! गाठ आणि तिच्या भोवतालचा भाग मिळून १०० ग्रॅम धरला, तर त्यात सगळ्या उपचारभर शोषली गेलेली ऊर्जा अवघी ७ ज्यूल. याउलट ६० अंशांचा एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम चहा घशात ३७ अंशांपर्यंत निवताना सुमारे ४८० ज्यूल देऊन जातो.

मग एवढीशी ऊर्जा कॅन्सरला मारते कशी? उष्णतेने नव्हे. चहाची ऊर्जा सगळ्या रेणूंत वाटली जाते. किरणांची ऊर्जा मात्र ठिपक्याठिपक्यांनी पडते. एकेका ठिकाणी ती इतकी एकवटते, की रेणूंतून इलेक्ट्रॉन उडवले जातात आणि डीएनएचा धागा तुटतो. किती ऊर्जा यापेक्षा ती कोठे व कशी पडली याला महत्त्व आहे. म्हणूनच सगळ्या शरीराला एकदम ४-५ ग्रे मात्रा मिळाली तरी जीव धोक्यात येतो.

मग ७० ग्रे देऊनही शेजारच्या निरोगी पेशी कशा जगतात? येथे पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटचे ऋण मान्य केले पाहिजे. तेथील क्लोद रेगो यांनी मेंढ्यांवर प्रयोग केले. सतत विभागणाऱ्या प्रजनन-पेशी एका मोठ्या मात्रेने नष्ट करू गेले तर कातडी जळे. तीच मात्रा अनेक दिवसांत विभागून दिली तर काम होई आणि कातडीही बचावे. त्यांचे सहकारी आंरी कुतार यांनी १९२० नंतर ही रीत घशाच्या रुग्णांवर वापरली. त्यांत टॉन्सिलच्या भागाचे कॅन्सरही होते. निरोगी पेशी दोन मात्रांच्या मधल्या वेळात आपली दुरुस्ती करून घेतात, कॅन्सरच्या पेशींना ते तितकेसे जमत नाही. आजही ७० ग्रे मात्रा एकदम देत नाहीत. रोज २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, अशी सात आठवडे देतात.

जुन्या यंत्रांत आणखी एक अडचण होती. त्यांच्या क्ष-किरणांची सर्वांत अधिक मात्रा कातडीवरच पडे. आजच्या रेषीय त्वरक यंत्रात इलेक्ट्रॉनांना लक्षावधी व्होल्टांची ऊर्जा देऊन क्ष-किरण निर्माण करतात. त्यांची सर्वाधिक मात्रा कातडीखाली सुमारे दीड सेंटीमीटरवर पडते. झोताच्या वाटेत धातूच्या बारीक सरकत्या पट्ट्या असतात. गणकयंत्र त्या हलवून झोताला गाठीचा आकार देते. त्यामुळे कानाजवळच्या मोठ्या लाळग्रंथी बऱ्याच वाचवता येतात. त्या जळल्या तर तोंड कायमचे कोरडे पडते आणि भाकरीचा घासही पाण्यावाचून उतरत नाही. डोके हलू नये म्हणून रुग्णाच्या चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार मुखवटा बनवतात. असे यंत्र सर्वांना परवडत नाही. म्हणून आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने कोबाल्ट-६० वर चालणारे ‘भाभाट्रॉन’ हे स्वदेशी यंत्र तयार केले आहे.

किरणांबरोबर दिले जाणारे सिसप्लॅटिन हे औषधही एका पदार्थवैज्ञानिकाच्याच हाती लागले. अमेरिकेतील बार्नेट रोझेनबर्ग हे विद्युत्‌क्षेत्राचा जिवाणूंवर काय परिणाम होतो हे पाहत होते. जिवाणू लांबत गेले, पण त्यांचे विभाजन थांबले. पुढे ध्यानात आले, की करामत विजेची नव्हती. प्लॅटिनमच्या विद्युत्‌अग्रांपासून तयार झालेल्या संयुगांची होती. १९६५ साली हा शोध प्रसिद्ध झाला आणि १९७८ साली औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. अनपेक्षित निकाल फेकून न देता त्याचा माग काढला, म्हणून हे घडले.

दुर्मिळ रोगाची खरी अडचण

दुर्मिळ गाठींत एक अडचण असते ती वेगळीच. एखाद्या डॉक्टराला उभ्या आयुष्यात असा एखादाच रुग्ण भेटतो. एका निरीक्षणावरून नियम बांधता येत नाही, हे प्रयोगशाळेत तुम्ही शिकताच. म्हणून निरनिराळ्या गावांतील निरीक्षणे एकत्र करावी लागतात. मुंबईत १९६३ साली कॅन्सर रुग्णांची पद्धतशीर नोंदवही सुरू झाली. १९४१ साली परळला सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने २०१२ साली राष्ट्रीय कॅन्सर ग्रिड उभारली गेली आणि देशभरातील रुग्णालये तीत जोडली गेली. दूरच्या गावातील कठीण निदानावर अनेक तज्ज्ञांना एकत्र विचार करता यावा, हा अशा जोडणीचा एक मोठा फायदा. शल्यविशारद, विकृतिवैज्ञानिक, किरणोपचारतज्ज्ञ आणि औषधतज्ज्ञ एकत्र बसून उपचार ठरवतात, तेव्हा एकाच्या नजरेतून सुटलेले दुसऱ्याला दिसते.

आणि जे टाळता येते ते टाळावे, हे तर उघडच आहे. दुर्मिळ प्रकारांची कारणे बरीचशी अज्ञात आहेत; पण अस्तराच्या कार्सिनोमाची दोन मोठी कारणे आपल्याला माहीत आहेत. एक म्हणजे तंबाखू : विडी, सिगारेट आणि चघळायची तंबाखू. त्याला दारूची जोड मिळाली तर धोका पुष्कळच वाढतो. दुसरे कारण म्हणजे एचपीव्ही नावाचा विषाणू. या विषाणूच्या काही जातींचा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरशी असलेला संबंध दाखवून देणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पुढे टॉन्सिलच्या खाचांतील अस्तरातही तोच विषाणू सापडला. पाश्चात्त्य देशांत टॉन्सिलच्या कार्सिनोमाचे तो प्रमुख कारण आहे. आपल्याकडे अजून तंबाखूचा वाटा मोठा आहे. विषाणूमुळे झालेला कार्सिनोमा उपचारांना अधिक चांगला प्रतिसाद देतो. म्हणजे येथेही नुसते ‘कार्सिनोमा’ म्हणून भागत नाही, आडनावही विचारावे लागते! या विषाणूवर लस आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला आळा घालण्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या स्वदेशी लशीला २०२२ साली भारतात परवानगी मिळाली. लस घ्यायची ती किशोरवयातच, म्हणजे तुमच्याच वयात. घरातील मोठ्यांशी आणि डॉक्टरांशी याविषयी मोकळेपणाने बोला.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. चहाच्या चमच्याचे आणि फ्ल्युओरीनच्या अर्धायुकालाचे गणित वर्गात फळ्यावर जरूर करून घ्यावे. उष्णता आणि ऊर्जा यांतील फरक त्यातून जितका स्पष्ट होतो, तितका नुसत्या व्याख्येने होत नाही. आणि ज्यांना पदार्थविज्ञान आवडते पण त्याचा माणसाला काय उपयोग असा प्रश्न पडतो, अशा विद्यार्थ्यांना सांगावे, की किरणोपचार विभागात डॉक्टरांच्या खांद्याला खांदा लावून ‘वैद्यकीय पदार्थवैज्ञानिक’ काम करतो. कोणत्या दिशेने, किती मात्रा, किती वेळ, हे सारे तो मोजतो. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन पुढे या विषयाचे शिक्षण घेता येते.

घरात कोणाला, विशेषतः तंबाखू ओढणाऱ्या किंवा चघळणाऱ्या वडीलधाऱ्यांना, एका बाजूचे गिळताना दुखत असेल, कान ठीक असूनही ठणकत असेल, मानेत गाठ लागत असेल आणि तीन आठवडे उलटून गेले असतील, तर ‘थंडीने झाले असेल’ म्हणून त्यांना बसू देऊ नका. ऑक्टोबर उजाडण्याची वाट पाहू नका. बहुतेकदा ते साधेच काही निघेल. पण ते साधे आहे हेसुद्धा तपासल्यावरच म्हणता येते.